उंची न सोडण्याची शिस्त

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला : काळोख. तो वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आला जुन्नरच्या पश्चिमेचा दावंड्याचा डोंगर. 7 जुलै 1962 रोजी, मध्यरात्र उलटून साधारण दहा मिनिटं झाली असताना, अलिटालिया या इटालियन कंपनीचं डीसी-8 जातीचं जेट विमान या डोंगरावर आदळलं. विमानात 85 प्रवासी आणि 9 कर्मचारी होते. 94 जणांपैकी एकही वाचला नाही.

हे विमान सिडनीहून निघालं होतं. बँकॉकहून ते मुंबईला येत होतं आणि पुढे कराची, तेहरान करत रोमला जाणार होतं. सांताक्रूझचा विमानतळ अपघाताच्या जागेपासून सुमारे 84 किलोमीटर दूर होता. वैमानिकांची मात्र समजूत होती की मुंबई जवळ आली आहे. त्या समजुतीवर त्यांनी उंची सोडली.

इंजिन बंद पडलं नव्हतं, पंख तुटला नव्हता, आग लागली नव्हती. चौकशीत निघालेलं कारण एका वाक्यात सांगता येतं. विमान नेमकं कुठे आहे याचा अंदाज चुकला, त्यामुळे रात्री, ढगांत, उपकरणांवर विसंबून उड्डाण चालू असताना ते वेळेआधीच खाली आणलं गेलं. जागा पडताळून पाहण्याची साधनं उपलब्ध होती, ती पुरती वापरली गेली नाहीत. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीचं बंधन मोडलं. वैमानिकांना या भागातल्या भूभागाचा परिचयही नव्हता.

रात्री उतरणाऱ्या विमानाचा अपघात म्हटला की आपण काळोखाला दोष देऊन मोकळे होतो. पण जगभरात रोज रात्री हजारो विमानं सुखरूप उतरतात. मग काळोखात नेमकं काय बिघडतं? आणि ज्या रात्री काहीच बिघडत नाही, त्या रात्री कुणी काय सांभाळलेलं असतं? हे समजून घ्यावं म्हणून आधी जुन्नरला गेलो.

घाटमाथ्यावरची रात्र

जुलै महिना मुद्दाम निवडला होता. जुन्नर सोडून आपटाळ्याच्या दिशेने निघालं की माणिकडोहच्या जलाशयाची सोबत सुरू होते. खाचरांत भाताची लावणी चालू होती. पाठीवर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेतलेली माणसं पावसात वाकून रोपं रोवत होती. पुढे हिरड्याची झाडं दिसू लागली, रस्ता चढू लागला आणि ढग रस्त्यावर उतरले. अंधार पडल्यावर गाडीच्या दिव्यांचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पडून परत डोळ्यांत येऊ लागला. पलीकडे कडा आहे, दरी आहे की शेत, काही कळायला मार्ग नव्हता. गाडी चालवणारा मुलगा याच भागातला होता. त्याला प्रत्येक वळण पाठ होतं, तरी त्याने वेग माणसाच्या चालीवर आणला होता.

या भागाची रचना समजल्याशिवाय तो अपघात समजत नाही. पूर्वेकडून येणाऱ्या विमानाच्या खाली आधी दख्खनचं पठार असतं. जुन्नर गावच समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांच्या आसपास आहे. पश्चिमेला सरकावं तसं पठार वर चढत जातं आणि घाटमाथ्यावर साडेतीन-चार हजार फुटांचे डोंगर उभे राहतात. त्यानंतर जमीन एकदम संपते. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं तर समोर खाली मुरबाडकडचं कोकण दिसतं, दोन-अडीच हजार फूट खोल. म्हणजे मुंबईकडे येणाऱ्या विमानाच्या वाटेत सगळ्यात उंच जमीन येते ती अगदी कोकणच्या कडेला. हा माथा ओलांडेपर्यंत उंची राखायची आणि तो ओलांडल्यावर खाली यायचं, हे सह्याद्रीने घालून दिलेलं बंधन आहे.

दिवसा, आकाश स्वच्छ असेल तर हे कुणाला सांगावं लागत नाही. खिडकीतून डोंगर दिसतात. पण जुलैच्या मध्यरात्री वरून पाहणाऱ्याला ना पठार दिसतं, ना माथा, ना कोकण. 1962 साली या डोंगरांत दिवे तरी किती असतील? परक्या मुलखातून आलेल्या वैमानिकासमोर त्या रात्री काचेपलीकडे नुसता काळा ढग होता. सह्याद्रीबद्दल त्याला सांगू शकत होता तो फक्त नकाशा आणि त्यावर छापलेले किमान उंचीचे आकडे.

विमानाच्या नकाशावरची किमान सुरक्षित उंची ही वैमानिकी शास्त्रातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात शहाणी गोष्ट आहे, असं मला वाटतं. त्या पट्ट्यातला सर्वांत उंच अडथळा शोधायचा, त्यावर ठरावीक अंतर मोकळं सोडायचं आणि तो आकडा नकाशावर छापायचा. वैमानिकाला डोंगराचं नाव माहीत असण्याची, तो दिसण्याची गरज उरत नाही. त्याने एवढंच करायचं, की आपण कुठे आहोत याची खात्री होईपर्यंत त्या आकड्याखाली यायचं नाही.

सहा-सात मिनिटांचा हिशेब

आज आपल्या खिशातला फोनही आपण कोणत्या गल्लीत आहोत ते दाखवतो. त्यामुळे 84 किलोमीटरचा घोटाळा होऊच कसा शकतो, असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी त्या काळच्या कॉकपिटमध्ये जाऊन बसावं लागतं.

वाट शोधण्याचं त्या वेळचं मुख्य साधन म्हणजे जमिनीवरचे रेडिओ बीकन. व्हीओआर नावाचं केंद्र आपल्यापासून कोणत्या दिशेला आहे ते विमानातली सुई दाखवते. दिशा अचूक कळते, अंतर कळत नाही. ही वाट शिवनेरीला जाते असं कुणी सांगावं, पण अजून किती कोस चालायचं ते सांगू नये, तशी ती मदत असते. अंतराचा हिशेब वैमानिक आणि नेव्हिगेटर घड्याळावर करत. शेवटची पक्की जागा कोणती, ती केव्हा ओलांडली, वेग किती, वारा कुठून आणि किती, या चार गोष्टींवरून आता आपण कुठे असू याचं गणित मांडायचं. पावसाळ्यात वरच्या हवेतले वारे अंदाजापेक्षा वेगळे निघाले, की ते गणित सरकतं.

आणि जेट युग नुकतंच सुरू झालं होतं. पंख्यांच्या विमानांच्या वेगावर वाढलेली पिढी आता मिनिटाला बारा-तेरा किलोमीटर कापणारी विमानं चालवत होती. त्या वेगाने 84 किलोमीटर म्हणजे सहा-सात मिनिटं. हिशेबातली मोजकी मिनिटं चुकली की माणूस एका मुलखात आणि त्याचं मन दुसऱ्या मुलखात, अशी अवस्था होते.

आजच्या नेहमीच्या उताराने यायचं तर विमानतळापासून 84 किलोमीटरवर विमान साधारण तेरा हजार फुटांवर असायला हवं. अलिटालियाचं विमान त्या अंतरावर डोंगरमाथ्याच्या पातळीला आलं होतं. वैमानिकांच्या मनातल्या नकाशात त्यांच्याखाली कोकणपट्टी होती. त्या नकाशाप्रमाणे त्यांची उंची अगदी योग्य होती. भीतीचं कारण नेमकं इथे आहे. त्यांना शेवटपर्यंत काही चुकतं आहे असं वाटण्याचं कारणच नव्हतं. विमान स्थिर होतं, इंजिनं चालत होती, मुंबईशी रेडिओवर बोलणं चालू होतं.

सगळं सुरळीत चाललेलं, ताब्यात असलेलं विमान वैमानिकाच्या नकळत जमिनीत जातं, अशा अपघातांसाठी विमान वाहतुकीच्या शास्त्रात वेगळा वर्गच आहे. जेट विमानांच्या पहिल्या काही दशकांत सर्वाधिक बळी घेणाऱ्या प्रकारांत तो मोडत असे. त्यातले बरेच अपघात विमान उतरण्याच्या तयारीत असताना झालेले आहेत.

डोळे काय सांगतात

ढग नसले, आकाश निरभ्र असलं, तरी रात्र डोळ्यांशी खेळते. एका निवृत्त कॅप्टनांनी मला हे समजावताना कागदावर एक रेघ काढली आणि तिच्या टोकाला दोन ओळींत ठिपके मांडले. धावपट्टीचे दिवे. मग सगळा कागद पेन्सिलीने काळा केला. अलीकडे समुद्र किंवा ओसाड रान, पलीकडे दिव्यांची धावपट्टी आणि मध्ये काहीच नाही. वैमानिक याला ब्लॅक होल म्हणतात. अशा वेळी आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असं मेंदूला वाटतं आणि हात नकळत विमान खाली दाबतो. धावपट्टी शेवटपर्यंत समोर स्पष्ट दिसत असते, म्हणून मनाला शंका शिवत नाही.

1960 च्या दशकात बोइंग कंपनीतले मानसशास्त्रज्ञ कॉनराड क्राफ्ट यांनी याचा अभ्यास केला. काही जेट विमानं रात्री, स्वच्छ हवेत, धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर किंवा पाण्यावर का आदळतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दिव्यांच्या शहराचा देखावा उभारला आणि मुरलेल्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये उंचीदर्शक न दाखवता केवळ डोळ्यांच्या भरवशावर उतरायला लावलं. अनुभवी माणसंही धोकादायक खाली आली, आणि आपण बरोबर उंचीवर आहोत असंच त्यांना वाटत राहिलं. अनुभवाने हा भास जात नाही, हे त्यातून कळलं. उपकरणाकडे पाहणं हाच त्यावरचा उपाय आहे.

मुंबईने काळोखाचे हे खेळ जवळून पाहिले आहेत. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून उडालं आणि थोड्याच वेळात वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं. 213 माणसं गेली. विमानाचा कल दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं आणि बाहेर अंधाऱ्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हतं. ते उड्डाण होतं, उतरणं नव्हे. पण काळोखात शरीराची जाणीव किती खोटी ठरते याचं त्याहून मोठं उदाहरण आपल्या किनाऱ्यावर नाही. 22 जून 1982 च्या पहाटे मुसळधार पावसात एअर इंडियाचं बोइंग 707 ‘गौरीशंकर’ मुंबईत उतरताना फार जोराने टेकलं. 111 पैकी 17 जण मृत्युमुखी पडले. उंचीचं भान न राहिल्याने वैमानिकाने इंजिनांची शक्ती काही सेकंद आधीच कमी केली, असं चौकशीत निघालं. पावसामुळे दिसत नव्हतं, त्याने त्यात भर घातली.

तीन अंशांचा उतार

हे सगळं ऐकून झाल्यावर एका रात्री घाटकोपरला एका इमारतीच्या गच्चीवर उभा राहिलो. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून येणारी विमानं इथूनच जातात. पूर्वेच्या आकाशात दिव्यांची एक रांग दिसते. पहिला दिवा मोठा होत डोक्यावर येतो, दुसरा त्याची जागा घेतो, तिसरा मागे लुकलुकत असतो. या विमानतळावर दिवसाला नऊशेच्या आसपास विमानांची ये-जा होते आणि एका वेळी एकच धावपट्टी वापरात असते. त्यामुळे या रांगेतलं अंतर सेकंदांत मोजलं जातं.

वरून जाणारं प्रत्येक विमान एका अदृश्य रेषेवर असतं. धावपट्टीच्या टोकाजवळून दोन रेडिओ झोत निघतात. एक झोत मध्यरेषा सांगतो, डावीकडे सरकलात की उजवीकडे. दुसरा उतार सांगतो. हा उतार सामान्यतः तीन अंशांचा असतो, म्हणजे एका सागरी मैलाला सुमारे तीनशे फूट. आयएलएस म्हणतात ती हीच यंत्रणा. घाटकोपरवरून जाताना विमान पाच-सहाशे फुटांवर असतं, आणि धो धो पाऊस असो की धुकं, त्याच्या उंचीत फरक पडत नाही, कारण वैमानिक झोपड्यांच्या दिव्यांवरून अंदाज बांधत नसतो.

धावपट्टीच्या कडेला आणखी एक साधी सोय असते, चार दिव्यांची ओळ. उतार बरोबर असेल तर वैमानिकाला त्यातले दोन पांढरे आणि दोन लाल दिसतात. चारही पांढरे दिसले तर विमान फार वर आहे. चारही लाल दिसले तर फार खाली.

या उतारावर एक जागा ठरलेली असते. नेहमीच्या आयएलएसवर ती जमिनीपासून दोनशे फुटांवर येते. तिथे पोचेपर्यंत धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत. दिसले नाहीत तर इंजिनांना पूर्ण शक्ती द्यायची, नाक उचलायचं आणि परत वर जायचं. त्याआधी, साधारण हजार फुटांवर, आणखी एक पडताळणी असते. चाकं खाली आहेत का, वेग ठरल्याप्रमाणे आहे का, खाली येण्याचा दर बेताचा आहे का, विमान रेषेवर आहे का? यातलं एक जरी जुळत नसेल तर उतरणं सोडून द्यायचं.

या साऱ्यामागे जमिनीवरची माणसं असतात. नियंत्रण कक्षात काम केलेल्या एका गृहस्थांनी समजावलं ते असं. रडारवर दिसणाऱ्या विमानाला खाली यायला सांगण्याआधी नियंत्रकाच्या डोळ्यांसमोर भूभागाचे पट्टे असतात. कोणत्या पट्ट्यात किती उंचीच्या खाली विमान आणायचं नाही, हे आखून दिलेलं असतं. घाटमाथ्यावरचे पट्टे अर्थातच उंच आहेत. म्हणजे 1962 साली ज्या गोष्टीचं ओझं एकट्या कॉकपिटवर होतं, ते आज निदान दोन ठिकाणी वाटलेलं आहे.

डोंगराची सूचना

हे ओझं तिसऱ्या ठिकाणी वाटण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात एका अभियंत्याला जातं. डॉन बेटमन हे त्यांचं नाव. जन्माने कॅनडाचे, काम अमेरिकेत, 2023 साली त्यांचं निधन झालं. प्रवाशांपैकी फारच थोड्यांना हे नाव ठाऊक असेल. पण आज विमानात बसणाऱ्या प्रत्येकावर त्यांचं ऋण आहे.

1960 च्या दशकाच्या अखेरीस बेटमन यांनी एक कल्पना राबवली. विमानाच्या पोटातून खाली रेडिओ लहरी सोडून जमिनीपासूनची खरी उंची मोजणारं उपकरण होतंच. त्याची माहिती खाली येण्याच्या वेगाशी जोडायची, आणि जमीन धोकादायक वेगाने जवळ येऊ लागली तर कॉकपिटमध्ये आवाज उमटवायचा. 1 डिसेंबर 1974 रोजी अमेरिकेत व्हर्जिनियात टीडब्ल्यूए कंपनीचं विमान वॉशिंग्टनकडे उतरत असताना ढगांत वेळेआधी खाली आलं आणि डोंगरावर आदळलं. 92 जण गेले. त्यानंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांत हे यंत्र सक्तीचं केलं आणि पुढे ते जगभर पोचलं.

पण त्या यंत्राला फक्त खालचं कळत असे, समोरचं नाही. पठारावरून अचानक उभा राहणारा कडा असला तर सूचना मिळेपर्यंत उशीर होई. 20 डिसेंबर 1995 च्या रात्री कोलंबियातल्या काली शहराकडे उतरणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग 757 वर तीच वेळ आली. संगणकात पुढच्या बीकनचं एक अक्षर टाकलं गेलं आणि संगणकाने त्याच अक्षराचं भलतंच, बोगोटाकडचं बीकन निवडलं. विमान दरीची वाट सोडून डोंगरांकडे वळलं. दोन्ही वैमानिक गोंधळले, पण खाली येणं त्यांनी थांबवलं नाही. यंत्राने इशारा दिला तेव्हा हातात जेमतेम बारा-तेरा सेकंद उरले होते. इंजिनांना पूर्ण शक्ती दिली गेली, नाक उचललं गेलं. पण वेग कमी करण्यासाठी पंखांवर उघडलेल्या झडपा मिटायच्या राहिल्या. 163 पैकी चौघेच वाचले.

बेटमन आणि त्यांचे सहकारी तोवर पुढच्या पिढीच्या यंत्रावर काम करत होते. जगभरच्या भूभागाचा नकाशाच विमानात ठेवायचा, उपग्रहांवरून विमानाची जागा घ्यायची आणि समोरचा डोंगर आधीच दाखवायचा. त्यासाठी जगाच्या उंचीची माहिती हवी होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या लष्करी नकाशांची माहिती मिळवूनही त्यांनी ती जमवली. आज जुन्नरच्या माथ्याकडे एखादं विमान चुकून खाली येऊ लागलं, तर पडद्यावर आधी पिवळा, मग लाल रंग चढेल आणि यंत्राचा आवाज वर जा असं बजावील. डोंगराला धडकण्याच्या अपघातांत त्यानंतर मोठी घट झाली.

इथे थांबलो असतो तर हा लेख यंत्राच्या विजयाचा झाला असता. पण विमान कुठे आहे ते कळूनही अपघात होतो.

कोळिकोडची संध्याकाळ

7 ऑगस्ट 2020. कोविडच्या काळात परदेशी अडकलेल्यांना घरी आणणाऱ्या मोहिमेतलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग 737 दुबईहून कोळिकोडला येत होतं. विमानात 190 जण होते. कॅप्टन होते दीपक साठे, हवाई दलातून आलेले, नागपूरच्या लष्करी घरातले. या अपघाताची बातमी महाराष्ट्रात घरातली बातमी म्हणून आली ती त्यांच्यामुळे.

कोळिकोडची धावपट्टी टेकडीचा माथा सपाट करून बांधलेली आहे, दोन्ही टोकांना उतार. पाऊस पडत होता. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी दिसली नाही, तेव्हा कॅप्टननी नियमाप्रमाणे विमान परत वर नेलं. कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसरा प्रयत्न उलट्या दिशेने झाला आणि त्या दिशेला वारा पाठीमागून होता. सुमारे पावणेआठला विमान टेकलं ते धावपट्टीच्या सुरुवातीपासून 4,438 फुटांवर. धावपट्टीची एकूण लांबी 8,858 फूट. म्हणजे निम्मी धावपट्टी हवेतच संपली होती. ओल्या जमिनीवर उरलेलं अंतर पुरलं नाही. विमान टोकावरून उताराखाली गेलं आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह 21 जणांचा मृत्यू झाला. कोविडची भीती ऐन भरात असताना कोंडोट्टी परिसरातली माणसं पावसात धावत गेली आणि त्यांनी अनोळखी जखमींना उचलून आपल्या गाड्यांतून रुग्णालयात नेलं.

अपघात तपास विभागाचा अहवाल 2021 च्या सप्टेंबरात आला. उतरणं स्थिर नसतानाही ते चालू ठेवलं गेलं, असं त्यात म्हटलं आहे. फर्स्ट ऑफिसरने गो-अराउंड, म्हणजे परत वर जा, असं म्हटलं, पण विमान वर नेलं गेलं नाही आणि त्यानेही नियंत्रण आपल्या हाती घेतलं नाही. अहवाल तिथे थांबत नाही. कोळिकोड तळावर कॅप्टनची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या सकाळचं उड्डाण याच कॅप्टनना करायचं होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर ते जमलं नसतं. कॅप्टन आणि कनिष्ठ सहकारी यांच्यातलं अधिकाराचं अंतर, कंपनीच्या कारभारातल्या उणिवा, कॅप्टन घेत असलेल्या मधुमेहाच्या औषधांचा संभाव्य परिणाम, हे सारं अहवालात नोंदलेलं आहे.

एखाद्या माणसाचं सबंध आयुष्य त्याच्या शेवटच्या काही मिनिटांवरून तोलणं मला मान्य नाही. साठे यांनी पहिल्या प्रयत्नात तेच केलं होतं जे करायला हवं. म्हणूनच ती रात्र महत्त्वाची आहे. नियम माहीत असलेला, तो थोड्याच वेळापूर्वी पाळलेला, दीर्घ अनुभवाचा माणूस दुसऱ्या खेपेला उतरत राहतो. एकदा परत गेलेलं विमान पुन्हा परत नेण्यासाठी मनावरचं ओझं दुप्पट झालेलं असतं. खाली दिवे दिसत असतात, घरी पोचायला आसुसलेली माणसं मागे बसलेली असतात, दुसऱ्या दिवसाचं काम डोक्यात असतं.

त्याच्या दहा वर्षं आधी, 22 मे 2010 च्या सकाळी, मंगळुरूच्या अशाच टेकडीवरच्या धावपट्टीवर 158 जण गेले होते. तिथेही सहवैमानिकाने परत वर जाण्याची सूचना पुन्हा पुन्हा केली होती.

परत वर जाणारे

जुन्नर आणि कोळिकोड यांच्यात 58 वर्षांचं अंतर आहे. पहिल्या विमानाला आपण कुठे आहोत ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्याला फुटाफुटाने ठाऊक होतं. पण दोन्हीकडे एकच गोष्ट घडली. खात्री नसताना, किंवा खात्री ढळल्यावरही, उंची सोडणं थांबलं नाही. काळोखाने पहिल्या विमानापासून डोंगर लपवला, हे खरं. पण खाली येत राहण्याची ओढ काळोखाची नव्हती. ती माणसाची असते, आणि पोचण्याच्या घाईत ती सगळ्यांत बळावते.

ही ओढ किती मोठी आहे, त्याचा अंदाज फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासातून येतो. जी उतरणी अस्थिर असतात आणि नियमाने सोडून द्यायला हवीत, त्यांतली सुमारे 3 टक्केच प्रत्यक्षात सोडली जातात. बाकीची बहुतेक सुखरूप उतरतातही, आणि प्रत्येक वेळी वैमानिकाच्या मनात पक्कं होत जातं की एवढंसं चालतं. जुन्नरच्या माथ्यावर 94 जीव गेले तेव्हा विज्ञानाकडे उत्तर नव्हतं असं नाही. नकाशावर आकडा होता. कोळिकोडलाही कॉकपिटमध्ये गो-अराउंड हे शब्द उच्चारले गेले होते.

म्हणून यंत्रं कितीही सुधारली तरी एक गोष्ट घडवावी लागते ती माणसांत. कनिष्ठाने बोललेल्या एका शब्दावर वरिष्ठाने वाद न घालता विमान वर नेलं पाहिजे. त्या कनिष्ठाला वेळ आली तर नियंत्रण हाती घेण्याचं बळ कंपनीने दिलं पाहिजे. परत वर गेलेल्या वैमानिकाला इंधन किती जळलं, वेळ किती गेला, हे विचारायचं नाही, असं अनेक विमान कंपन्यांच्या धोरणात लिहिलेलं असतं. ते कागदावर राहतं की वेळापत्रक लावणाऱ्या साहेबाच्या टेबलापर्यंत पोचतं, यावर माणसांचं जगणं-मरणं अवलंबून आहे. तळावर पुरेसे कॅप्टन नेमणं हा हिशेबनिसाचा प्रश्न वाटतो, पण त्याचं उत्तर पावसाळी रात्री धावपट्टीवर मिळतं.

यात आपला, प्रवाशांचाही वाटा आहे. त्या निवृत्त कॅप्टनांनी एक सल बोलून दाखवला. विमान उतरता उतरता परत वर घेतलं की मागे आरडाओरडा होतो, फोनवर चित्रण होतं आणि दुसऱ्या दिवशी बातमीत प्रवासी थोडक्यात बचावले असं छापून येतं. खरं तर त्या क्षणी कुणी बचावलेलं नसतं, कारण धोक्यात जाण्याचंच कुणीतरी नाकारलेलं असतं. वैमानिकाने आपलं काम चोख केलेलं असतं. आपण वृत्तपत्रांत लिहिणाऱ्यांनी ते वाक्य छापणं सोडलं पाहिजे.

सह्याद्रीच्या कडेने आता आकाशातली वर्दळ वाढतेच आहे. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाभोवतीही डोंगर आहेत, आणि त्या विमानतळावरही पावसाळ्यातल्या रात्री येतील. पुढच्या वेळी आपलं विमान दिव्यांच्या अगदी जवळ येऊन अचानक गरजत वर चढलं, तर घड्याळाकडे पाहू नये. पोचायला अर्धा तास उशीर होईल. विमानातून बाहेर पडताना दारात वैमानिक उभा असेल तर त्याचे आभार मानावेत, आणि घरी वाट पाहणाऱ्यांना उशिराचं कारण अभिमानाने सांगावं.